मुलं आणि आई-बाबांना घेऊन ग्रीक बेटावर: नाक्सोसची पहिली सहल कशी आखावी

ग्रीसला जायचं म्हटलं की घरात पहिलं नाव निघतं सँटोरिनीचं, पाठोपाठ मिकोनोसचं. टूरवाल्यांची पत्रकंही तशीच असतात: अथेन्स दोन रात्री, मिकोनोस दोन, सँटोरिनी दोन, की परत. दोघंच जाणार असाल तर हे निभून जातं. सोबत सहा-सात वर्षांचं मूल आणि सत्तरीकडे आलेले आई-बाबा असतील, तर दर दोन दिवसांनी बॅगा भरा, बंदरावर ताटकळत बसा, नव्या खोलीची किल्ली शोधा, यातच सुट्टी संपते. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. पहिल्या खेपेला एकच बेट घ्या, तिथे निदान पाच रात्री राहा, आणि कुटुंब असेल तर ते बेट नाक्सोस असू द्या.

सँटोरिनी सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिथली फोटोतली गावं ज्वालामुखीच्या कड्यावर वसली आहेत. जिकडे जाल तिकडे पायऱ्या. तिथल्या ‘फिरा’ नावाच्या मुख्य गावातून जुन्या बंदरावर उतरायलाच ५८८ पायऱ्या आहेत (रोपवे आहे, पण रांगही असते). गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि बाबागाडीला ते गाव मानवत नाही. नाक्सोस हे सिक्लाडीस द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटर. इथे शेती आहे, बटाटा आणि चीज प्रसिद्ध आहे, डोंगरात गावं आहेत, मुख्य गावात रुग्णालय आहे, आणि पश्चिमेला वाळूचे लांबलचक, उथळ किनारे आहेत. पर्यटक गेल्यावरही चालू राहणारं हे बेट आहे, त्यामुळे खाणं-राहणं तुलनेनं स्वस्त पडतं.

पायरी पहिली: महिना ठरवा

ग्रीक बेटांचा हंगाम मेपासून ऑक्टोबरपर्यंत. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांशी हा हंगाम एकदाच नीट जुळतो: मे महिन्याची अखेर आणि जूनचे पहिले दोन आठवडे. तेव्हा ऊन सोसण्यासारखं असतं, खोल्या मिळतात, सूर्य साडेआठनंतर मावळतो. समुद्राचं पाणी मात्र गार असतं. आपल्या कोकणच्या पाण्याची सवय असलेली मुलं पहिल्या दिवशी किंचाळतात, दुसऱ्या दिवशी बाहेर यायला तयार नसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा असा की टोपी डोक्यावर राहत नाही. तो कधी दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त वाहतो. १५ ऑगस्टच्या जोडून सुट्टीचा विचार मनात येतो, पण तोच दिवस ग्रीसमध्ये मेरीमातेच्या मोठ्या सणाचा असतो. सारा देश बेटांवर निघालेला असतो, बोटींना जागा नसते. तो आठवडा टाळाच. सप्टेंबर सर्वांत छान, पाणीही कोमट असतं. मुलांची शाळा आड येत नसेल तर जरूर जा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. तोवर बरीच हॉटेलं बंद झालेली असतात आणि बोटीही कमी होतात.

पायरी दुसरी: व्हिसा आणि कागद

ग्रीससाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंटची मारामारी असते, म्हणून मे-जूनला जाणाऱ्यांनी फेब्रुवारीतच कामाला लागावं. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज स्वीकारणारं केंद्र आपले पैसे वेगळे घेतं. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध हवा, त्यात दोन कोरी पानं हवीत. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या आणि सोबत जन्मदाखला. आजी-आजोबांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि तुमची बँक स्टेटमेंट त्यांच्या फाइलला जोडा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवायची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो. पुढची कुठलीही जोडणी घट्ट ठेवू नका.

पायरी तिसरी: बोट

या सहलीत नवख्या माणसाचा गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाक्सोसला अथेन्सहून छोटं विमान जातं, पाऊण तासाच्या आत पोचवतं. पण जागा थोड्या आणि कुटुंबाचं सामान मोठं. बहुतेक लोक अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोटीनं जातात. बोटी दोन प्रकारच्या. मोठी साधी बोट पाच-साडेपाच तास घेते. जलद बोट साडेतीन-चार तासांत पोचते, पण तिकीट महाग आणि डेकवर मोकळं फिरता येत नाही. वारा असेल तर जलद बोट जास्त आपटते आणि रद्दही आधी तीच होते. मुलं आणि वडीलधारे सोबत असतील तर मोठी बोटच घ्या. तिच्यात कँटीन असतं, मोकळं डेक असतं, सोफ्यावर अंग टाकता येतं. आजी-आजोबांसाठी क्रमांक असलेली विमानासारखी सीट थोडे जास्त पैसे देऊन आरक्षित करा; साध्या तिकिटात जागा पकडावी लागते. अगदी लहान मुलांचं तिकीट बहुधा शून्य किमतीचं असतं, पण काढावं लागतंच. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

मोठ्या बोटी बऱ्याचदा सकाळी सातच्या सुमारास सुटतात. तुमचं विमान आदल्या दिवशी दुपारी उतरत असेल, तर पहिली रात्र अथेन्सच्या मध्यभागी काढण्याऐवजी पिरेयसलाच, बंदराजवळ काढा. विमानतळावरून मेट्रो थेट पिरेयसपर्यंत जाते. एक्स-९६ क्रमांकाची बस तर चोवीस तास असते. मेट्रोत खिसेकापूंपासून सांभाळा, पासपोर्टची पिशवी पोटाशी ठेवा.

पिरेयसचं बंदर अवाढव्य आहे. धक्क्यांना ई-१, ई-२ असे क्रमांक आहेत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सामान घेऊन चालणं अशक्यच म्हणायचं. तिकिटावरचा किंवा कंपनीच्या संदेशातला क्रमांक आदल्या रात्रीच पाहून ठेवा आणि तासभर आधी पोचा. बोटीचा मागचा भाग खाली उघडतो. त्याच उतरणीवरून ट्रक, गाड्या आणि माणसं एकत्रच आत शिरतात. मुलांचा हात घट्ट धरायची जागा हीच. आत शिरताच डाव्या-उजव्या हाताला लोखंडी मांडण्या असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. नाक्सोस लिहिलेल्या मांडणीत मोठ्या बॅगा ठेवा. पैसे, औषधं, मुलांचा खाऊ आणि एकेक स्वेटर घेऊन वर जा. आत एसी कडक असतो.

या मार्गावर नाक्सोसच्या आधी बहुधा पारोस लागतं. बंदर जवळ आलं की घोषणा होते, लोक खाली गॅरेजमध्ये गोळा होतात, भोंगा वाजतो आणि बोट उलटी वळून धक्क्याला लागते. बोट काही मिनिटंच थांबते. म्हणून घोषणा ऐकताच वडीलधाऱ्यांना घेऊन निघा, पण ती कुठल्या बेटाची आहे ते नीट ऐकून. नाक्सोस ओळखायची खूण सोपी आहे: बंदराच्या तोंडाशी छोट्या टेकाडावर संगमरवराची एक प्रचंड चौकट एकटीच उभी दिसते.

बोट लागणाऱ्यांनी मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसावं. गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या आधी, आणि कोणती ते इथल्या डॉक्टरांना विचारून.

वारा साधारण ८ बोफोर्टला (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) पोचला की बंदर प्रशासन बोटींना निघायची मनाई करतं. तुमच्या हातात काहीच नसतं. दुसऱ्या बोटीत जागा किंवा पैसे परत, एवढा हक्क असतो. म्हणून या लेखातला एक नियम तरी पाळाच: परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच असली पाहिजे. अथेन्स बघायचं असेल तर तेही शेवटी ठेवा, सुरुवातीला नको. बोट एक दिवस पुढे गेली तरी ॲक्रोपोलिसचा एक दिवस कमी होईल, घरी परतायचं विमान हुकणार नाही.

पायरी चौथी: राहायचं कुठे

बंदराचं गाव म्हणजे होरा. त्याचा जुना भाग, कास्त्रो, व्हेनिशियन लोकांनी तेराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याभोवती आहे; गल्ल्या अरुंद, चढाच्या, गाडी आत जात नाही. संध्याकाळी फिरायला मजा येते, पण मुक्कामाला आजी-आजोबांसह तिथे नको. होऱ्याच्या दक्षिणेला लागूनच आगिओस जॉर्जिओसचा किनारा आहे. तिथे राहिलात की समुद्र दारात, दुकानं-बस चालण्याच्या अंतरावर. पुढे आगिओस प्रोकोपिओस, आगिया आन्ना आणि प्लाका हे किनारे एकापुढे एक आहेत. शांतता हवी असेल तर आगिया आन्ना चांगलं.

हॉटेलपेक्षा ‘स्टुडिओ’ घ्या, म्हणजे छोटं स्वयंपाकघर असलेली खोली. आरक्षणाआधी चार गोष्टी विचारा: तळमजला आहे का, गाडी दारापर्यंत येते का, बंदरावर घ्यायला याल का, आणि एसीचे पैसे धरलेत का. हवामान-कर म्हणून दर रात्री दर खोलीमागे वेगळी रक्कम तिथेच भरावी लागते. २०२५ च्या दरानं एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तीन तारांकित हॉटेलला ५ युरो, चार तारांकितला १० युरो. हा खर्च आरक्षणाच्या रकमेत बहुधा दिसत नाही.

न्हाणीघराबद्दल दोन शब्द. बेटांवरचे पाइप अरुंद असल्यानं कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. जेट स्प्रे नसतो; एक प्लॅस्टिकचा मग घरून न्या. नळाचं पाणी पिऊ नका, सुपरमार्केटमधून दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा आणा.

पायरी पाचवी: खाणं

शाकाहारी माणसाची ग्रीसमध्ये उपासमार होईल ही भीती मनातून काढून टाका. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातले बरेच दिवस उपवासाचे असतात, त्यामुळे मांसाशिवायच्या पदार्थांची मोठी परंपरा घरोघरी आहे. मेनूमध्ये ‘लादेरा’ हा शब्द शोधा: ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. फासोलाकिया म्हणजे टोमॅटोतली फरसबी, बामिएस म्हणजे भेंडी, ब्रियाम म्हणजे वांगी-बटाटे-झुकिनी एकत्र भाजलेली. यिगांदेस हे टपोरे पांढरे वाल, टोमॅटोच्या रश्शात. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू पिळून. आजीला हमखास आवडते. कोलोकिथोकेफ्तेदेस हे तोंडात न मावणारं नाव झुकिनीच्या वड्यांचं आहे, मुलांसाठी तेच मागवा. आणि नाक्सोसचे तळलेले बटाटे! हा बटाटा युरोपात भौगोलिक मानांकन मिळालेला आहे आणि इथे तो ताजा कापून तळतात.

दोन सावधगिऱ्या. उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात, पण त्यात कोळंबी, माकूळ चालतं; नुसता तो शब्द पाहून मागवू नका. येमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, कधी भाताचे असतात तर कधी खिम्याचे. वेटरला सांगा, “ईमे होर्तोफागोस,” मी शाकाहारी आहे. आणि पुढे “होरीस क्रेआस, होरीस प्सारी,” मांस नको, मासे नकोत. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विरजण, असतं बऱ्याचदा. कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं. जेवणाआधी न मागता ब्रेड येतो आणि त्याचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत द्या, कोणी रागावत नाही.

ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवतात. लहान मुलांना घेऊन साडेसातला गेलात तर ताव्हेर्ना, म्हणजे तिथली घरगुती खानावळ, रिकामी मिळते आणि मालकीणबाई मुलांशी खेळत बसतात.

स्टुडिओत स्वयंपाक असेल तर रोज एक वेळ घरचं करा. ‘फावा’ नावाची पिवळी वाटाणा-डाळ दुकानात मिळते, हिंग-हळद घालून तिचं वरण उत्तम होतं. तिथलं घट्ट दही म्हणजे तयार चक्काच. साखर आणि घरून नेलेली केशर-वेलची घातली की दहा मिनिटांत श्रीखंड. मसाल्याची पाकिटं, पोहे, चिवडा, ठेपले न्यायला अडचण नाही. मात्र साजूक तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. ताज्या फळांचंही तसंच. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच फळं सरकारी दाखल्याशिवाय चालतात. मे महिना आहे म्हणून कोणाला भेट द्यायला हापूसची पेटी उचलाल, तर ती विमानतळावरच जाईल.

पायरी सहावी: समुद्र

इथे आपल्यासारखी भरती-ओहोटी जाणवत नाही, लाटा लहान, पाणी काचेसारखं. लहान मुलांना आगिओस जॉर्जिओस सर्वांत चांगला: बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. आगिओस प्रोकोपिओस दिसायला सर्वांत सुंदर, पण वाळू जाड आणि खोली लवकर वाढते. पोहता येणाऱ्यांसाठी तो. प्लाका सुमारे चार किलोमीटर लांब आहे. गर्दी असली तरी जागा मिळते. त्याच्या काही निवांत भागांत लोक विवस्त्रही पहुडलेले असतात. सोबत वडीलधारे असतील तर आगिया आन्नाकडच्या टोकाला बसा. वाऱ्यावर पतंगाच्या ओढीनं चालणारे सर्फर पाहायचे असतील तर मिक्री विग्लाला जा. ते बघण्यात मुलांचा तास सहज जातो.

धोका वेगळ्याच गोष्टीचा असतो. मेल्तेमी सुटला की काही किनाऱ्यांवर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी सपाट दिसतं, आणि हवा भरलेली गादी किंवा फ्लेमिंगो मुलाला घेऊन बघता बघता आत जातो. वाऱ्याच्या दिवशी फुगवायची खेळणी पाण्यात नेऊच नका. अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट घाला. खडकांजवळ काळे काटेरी समुद्री साळिंदर असतात, म्हणून रबरी बूट घ्या. वाऱ्यामुळे ऊन कळत नाही, पण त्वचा भाजते. दुपारी बारा ते पाच सावलीत राहा. तसंही उन्हाळ्यात तीन ते साडेपाच ही ग्रीसमध्ये वामकुक्षीची वेळ आहे. गावातली बरीच दुकानं बंद असतात आणि त्या वेळेत आवाज करणं असभ्य समजतात.

पायरी सातवी: एक दिवस डोंगरात

किनाऱ्यांना बस पुरते. स्थानक बंदरासमोरच आहे. तिकीट चढण्याआधी काढून ठेवा. डोंगरातल्या गावांसाठी मात्र एक दिवस गाडी भाड्यानं घ्या. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो आपल्या आरटीओतून एका वर्षासाठी मिळतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची असते, बहुतेक गाड्या गिअरच्या. ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचं आहे. चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं.

सकाळी लवकर निघा. आधी सांग्रीजवळचं दिमितर देवीचं मंदिर. ही धान्याची देवी आणि मंदिर शेतांच्या मधोमध, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं. सभोवार आजही जव-द्राक्षं पिकतात. मग हाल्की, एका चौकाभोवतीचं जुनं गाव. इथे १८९६ पासून चालणारी कित्रोनची भट्टी आहे. कित्रोन हे म्हाळुंगाच्या पानांपासून काढलेलं मद्य. म्हाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. मद्य न घेणाऱ्यांनी त्याच्या सालीचा पाकातला मुरांबा चाखावा. आमच्या आईनं दोन बरण्या बांधून आणल्या. पुढे फिलोती, आणि मग आपेरांथोस. या गावाच्या गल्ल्यांची फरशीसुद्धा संगमरवराची आहे, पाऊस पडला असेल तर जपून. एका अंगणात काळे कपडे घातलेल्या आजी मागावर विणत बसल्या होत्या. मुलीनं हात लावायला मागितला, तर त्यांनी तिला शेजारी बसवून धोटा हातात दिला. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, सोबत एक ओढणी ठेवा.

डोंगरावर माउंट झास आहे, १००४ मीटर, सिक्लाडीसमधलं सर्वांत उंच शिखर. झ्यूस देव इथे वाढला, अशी दंतकथा आहे. मुलांना ती आदल्या रात्री सांगून ठेवा, म्हणजे गाडीत “अजून किती लांब” कमी होतं. उत्तरेला आपोलोनासजवळच्या खाणीत दहा मीटरहून लांब, अर्धवट कोरलेला दगडी पुतळा आडवा पडलेला आहे; पाहण्यासारखा आहे, पण रस्ता वळणावळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी त्याऐवजी होऱ्याजवळच्या फ्लेरिओचा पुतळा पाहावा, तसाच, आकारानं लहान.

बंदरावरची ती संगमरवरी चौकट म्हणजे पोर्तारा: इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास लिग्दामिस या हुकूमशहानं सुरू केलेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या मंदिराचं दार. सूर्यास्ताला तिथे गर्दी उसळते. सकाळी सातला जा, चौकट तुमची एकट्याची असते.

औषधं, पैसे, फोन

अडचणीत ११२ फिरवा, हा क्रमांक सगळ्यासाठी चालतो, रुग्णवाहिकेसाठी १६६. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखू येतं. बीपी-साखरेच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय नेऊ नका. कार्ड जवळपास सर्वत्र चालतं. एटीएमनं किंवा मशीननं “रुपयांत आकारू का” असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. आपले दोन पिनांचे चार्जर तिथे बसतात, तीन पिनांना ॲडॉप्टर लागतो.

बेटावर पोचल्या दिवशीच परतीच्या बोटीची वेळ पुन्हा पाहा, आणि निघायच्या दोन दिवस आधी वाऱ्याचा अंदाज बघायला लागा. ७ बोफोर्टच्या पुढचे आकडे दिसू लागले तर बंदरासमोरच्या तिकीट कचेरीत जाऊन विचारा. तिथल्या लोकांना वाऱ्याचा रोजचा अनुभव असतो. ते “आजच निघा” म्हणाले, तर एक रात्र सोडून द्या आणि त्याच संध्याकाळच्या मोठ्या बोटीनं अथेन्स गाठा.